मलवाहिनीचा स्वस्त मार्ग कोणाला महाग पडतो?

(जळगाव येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)

नगरपालिकांच्या सभांत ज्या कामांवर सर्वांत कमी चर्चा होते ती जमिनीखालची कामे होत. रस्ता दिसतो, पूल दिसतो, चौकातील पुतळा तर दिसण्यासाठीच उभारलेला असतो. जमिनीखालचा नळ मात्र फुटेपर्यंत कोणाच्या ध्यानी येत नाही; आणि तो नळ मैला वाहून नेणारा असेल तर त्याविषयी चारचौघांत बोलणेही सभ्यपणाचे मानले जात नाही. त्यामुळे या विषयातील निर्णय मूठभर अधिकारी, सल्लागार आणि ठेकेदार यांच्यातच घेतले जातात, आणि त्यांचे परिणाम मात्र दोन-दोन पिढ्यांना भोगावे लागतात.

आजचा प्रश्न असा आहे की, ओढ्याच्या किंवा नदीच्या घळीतून गेलेली मलवाहिनी जुनी झाली, गळू लागली, तर ती बदलायची कशी? वरवर पाहता हा अभियंत्यांचा प्रश्न आहे. किती व्यासाचा नळ, किती खोल चर, किती कोटींची निविदा, एवढ्यात तो संपावा असे वाटते. परंतु त्याच्या मुळाशी दुसराच प्रश्न आहे. शहराने स्वतःची घाण दूर करण्याचा खर्च स्वतः सोसायचा, की तो ओढ्यावर, ओढ्याकाठच्या झोपडीवर, खालच्या गावावर आणि चेंबरमध्ये उतरणाऱ्या कामगारावर ढकलून द्यायचा? ज्याला 'स्वस्त मार्ग' म्हटले जाते तो बहुतेक वेळा हा ढकललेला खर्च असतो.

वाहिनी घळीतूनच का जाते?

मैलापाणी उताराने वाहते. ते आपोआप वाहावे अशी सोय झाली तर पंप नको, वीज नको, पंपावर रात्रपाळी करणारा माणूस नको. शहरातील सर्वांत सखल रेषा म्हणजे तेथील ओढा. शिवाय ओढ्याचे पात्र बहुधा सरकारी मालकीचे असल्याने भूसंपादनाची कटकट नसते, रस्ता खोदावा लागत नाही, दुकानदारांची ओरड होत नाही. हा विचार मूर्खपणाचा आहे असे म्हणता येणार नाही. हाती ठराविक निधी आणि ठराविक मुदत असलेला अभियंता असाच विचार करणार. दोष त्याच्या गणितात नाही, गणित मांडताना ज्या गोष्टी मोजायच्याच नाहीत असे आधी ठरवले गेले त्यांत आहे.

खानदेशात तर या न मोजलेल्या गोष्टी फार मोठ्या आहेत. तापी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी गाळमातीचे जाड थर साचलेले आहेत, आणि पावसाळी ओहोळांनी त्यांत उभ्या काठांच्या खोल घळी कोरल्या आहेत. खडकातील दरी शतकानुशतके जशीच्या तशी राहते. मातीची घळ एका मुसळधार पावसात काठ सोडते. तिचे काठ जागच्या जागी धरून ठेवणारी वस्तू म्हणजे बाभूळ, बोर, निंब यांची मुळे. त्या उभ्या मातीत बिळे करून खंड्या आणि वेडा राघू अंडी घालतात. घोरपडीला आणि मुंगसाला तेथेच आसरा मिळतो. आठ महिने कोरडी दिसणारी तिची वाळू पावसाळ्यात पाणी मुरवते आणि काठच्या विहिरींना देते. अशा घळीत पोकलँड यंत्र उतरवण्यासाठी आधी वाट करावी लागते, वाटेसाठी झाडे तोडावी लागतात, काठ फोडावा लागतो, आणि चराची माती पात्रातच टाकली जाते. नळ बसवून ठेकेदार निघून जातो. पुढच्या पावसाळ्यात मोकळा झालेला काठ ढासळतो आणि त्याच्याबरोबर नवा नळही उघडा पडतो.

खानदेशच्या ओढ्यानद्यांचा हा स्वभाव नव्याने कळलेला नाही. १८७२ साली पांझरेच्या पुराने धुळे शहराची मोठी हानी केली होती. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांना सुरुवातीच्या काळात याच पांझरेच्या खोऱ्यात पाण्याचा नळ प्रवाहाखालून पलीकडे नेण्याचे काम मिळाले. पावसाळ्यातील पूर आणि वाळू यांनी ते कसे अडवले हे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांना आलेल्या पुरात घरे, दुकाने आणि जनावरे गेली, ही गोष्ट तर शाळकरी मुलांनाही आठवत असेल. ज्या प्रदेशात लहानशी नदी एका रात्रीत असे रूप धारण करते, तेथे तिच्या पात्रात मैल्याचा नळ घालणे म्हणजे शहराचे आरोग्य पुराच्या स्वाधीन करणे होय.

नळ म्हातारा कसा होतो?

मलवाहिनी म्हातारी होते ती केवळ वर्षे उलटली म्हणून नव्हे. मैलापाणी संथ वाहू लागले, त्यातला प्राणवायू संपला, की नळाच्या आतील बुळबुळीत थरातले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. हा वायू वर चढतो. नळाच्या ओलसर छतावर राहणारे दुसरे जिवाणू त्याचे गंधकाम्ल बनवतात, आणि ते अम्ल सिमेंट काँक्रीट वरून खाली खात जाते. म्हणून काँक्रीटचा नळ बहुधा माथ्यापासून कुजतो आणि बाहेरून काही कळण्याआधीच एके दिवशी आत कोसळतो. खानदेशच्या काळ्या जमिनीत दुसरे संकट आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नळांचे सांधे दरवर्षी ओढले-ढकलले जातात आणि सैल झालेल्या सांध्यांत झाडांची मुळे शिरतात.

सांधे सुटलेली वाहिनी ओढ्यात असेल तर ती दोन्ही बाजूंनी गळते. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी नळात शिरते. मग शुद्धीकरण केंद्राकडे त्याच्या शक्तीबाहेरचे पाणी जाते आणि जादा पाणी प्रक्रिया न करताच नदीत सोडून द्यावे लागते. उन्हाळ्यात भूजल खाली गेले की उलट घडते. नळातला मैला वाळूत झिरपतो आणि काठच्या विहिरीत उतरतो. चेंबरचे तोंड पात्रातच असेल तर पुराच्या पाण्याबरोबर मैला वस्तीत घुसतो. नकाशावर मलवाहिनी आणि ओढा या दोन वेगळ्या रेषा असतात. जमिनीवर त्यांचे पाणी एक होते.

पुण्याचा धडा

या बाबतीत खानदेशाने पुण्याकडे पाहावे. पुण्याच्या ओढ्यानाल्यांतून आणि त्यांच्या काठांनी मलवाहिन्या गेलेल्या आहेत, आणि वाढत्या शहराने त्या ओढ्यांना दोन्ही बाजूंनी भिंती घालून आवळले आहे. कात्रजच्या डोंगरात उगम पावून मुठेला मिळणारा आंबील ओढा हे त्यांचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि हा ओढा आपली सगळी बंधने मोडून वस्त्यांत शिरला. अरण्येश्वर परिसरातील टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि परिसर मिळून वीसहून अधिक लोकांनी प्राण गमावले. मेलेल्यांत टेकडीवरच्या बंगल्यात राहणारे किती होते हे विचारण्याची गरज नाही.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ओढा सुधारायचा, त्याचा प्रवाह सरळ करायचा असे ठरले, आणि २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात आणि साथीच्या काळात, दांडेकर पुलाजवळील ओढ्याकाठच्या वस्तीवर बुलडोझर चालवण्यात आला. त्याच दिवशी न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. तोवर कित्येकांची घरे जमीनदोस्त झाली होती. ओढा बिघडवताना ज्यांना कोणी विचारले नव्हते, ओढा सुधारताना त्यांनाच प्रथम उठवण्यात आले. पर्यावरणाच्या नावाने गरिबाला उठवणे आणि विकासाच्या नावाने ओढा बुजवणे या दोन परस्परविरोधी गोष्टी नाहीत. दोन्हींच्या मागे एकच विचार आहे: सखल जागा आणि सखल जागेतला माणूस या दोघांचाही हिशेब धरायचा नाही.

घाण नाहीशी होत नाही, पुढे जाते

इंग्लंडमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज चालणे कठीण झाले, तेव्हा कोठे लंडनच्या मलनिस्सारणाला पैसा मंजूर झाला. बॅझलगेट या अभियंत्याने नदीकाठाने मोठ्या वाहिन्या बांधल्या. ते काम खरोखरच थोर होते आणि त्याने लंडन शहराची पटकीपासून सुटका केली. परंतु मैल्यावर प्रक्रिया नव्हती; तो शहराच्या खाली, पूर्वेकडे नदीत सोडला जाई. ३ सप्टेंबर १८७८ रोजी 'प्रिन्सेस अ‍ॅलिस' ही प्रवासी बोट नेमकी त्याच टापूत दुसऱ्या जहाजाच्या धडकेने बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. मैल्याचे लोंढे सोडल्याला तेव्हा फार वेळ झालेला नव्हता. बुडणारे नुसत्या पाण्यात बुडाले नाहीत. राजधानीची दुर्गंधी नाहीशी झाली नव्हती, ती फक्त पार्लमेंटपासून दूर गेली होती.

तापी खोऱ्याचा नकाशा याच नजरेने वाचावा. मालेगावाजवळ मोसम नदी गिरणेला मिळते, आणि तेथून खाली नांदगाव तालुक्यात गिरणा धरण आहे, ज्याच्या पाण्यावर जळगाव जिल्ह्यातील गावे आणि शेते जगतात. जळगावचे सांडपाणी नाल्यांनी गिरणेकडे आणि गिरणेतून तापीकडे जाते. तापीचे पाणी उचलून धुळे शहराला पाजले जाते. धुळ्याचे सांडपाणी पांझरेत जाते आणि पांझरा मुडावदला पुन्हा तापीलाच मिळते. पुढे सारंगखेडा, प्रकाशा, उकाई आणि सुरत. या साखळीत प्रत्येक शहर वरच्या शहराचे पाणी पिते आणि खालच्या शहराला स्वतःचे पाजते. म्हणून जळगावची मलवाहिनी हा केवळ जळगावचा प्रश्न नाही, आणि मालेगावची वाहिनी हा केवळ मालेगावचा नाही.

याच पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचे पाणी कोणा एकाचे नव्हे. ते गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने ठरल्या पाळीने द्यायचे, आणि कोणत्या फडात कोणते पीक हे सर्वांनी मिळून ठरवायचे. त्या व्यवस्थेत जातीची आणि जमीनमालकीची विषमता होतीच, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण वरच्याने पाण्याचे जे केले त्याचा जाब खालचा विचारू शकतो, एवढे तत्त्व तिने मान्य केले होते. आजच्या महानगरपालिकांच्या कारभारात तेवढेही तत्त्व उरलेले नाही.

नळात उतरणारा माणूस

मित्रहो, या सगळ्या हिशेबात ज्याचे नाव कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही तो म्हणजे नळात उतरणारा कामगार. घळीतल्या वाहिनीचे चेंबर रस्त्यापासून दूर, झाडाझुडपांत, चिखलात असतात. तेथे सफाईचे यंत्र किंवा शोषक गाडी जाऊ शकत नाही. यंत्र जात नाही म्हणून माणूस उतरवला जातो. जो हायड्रोजन सल्फाइड काँक्रीट खातो तोच त्या माणसाचा श्वास काही क्षणांत बंद करतो. आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तेथेच पडतो. तेव्हा वाहिनी कोठून न्यायची हे ठरवताना ती साफ करायला कोण मरणार हेही ठरून जाते.

कायदे आहेत. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा त्याहून व्यापक कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत, कारण काम कंत्राटदाराकडे, कंत्राटदाराचे उपकंत्राटदाराकडे आणि उपकंत्राटदाराचे रोजंदारीवरच्या माणसाकडे जाते, आणि अपघात घडला की प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो. नळात उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो, हे या देशात सांगावे लागत नाही. सफाई हे हलके काम नाही, असे शिकवणारे साने गुरुजी याच जिल्ह्यातील अमळनेरला शिक्षक होते. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या नगरसेवकांनी मलवाहिनीचा आराखडा मंजूर करताना तरी हे स्मरावे.

मग करायचे काय?

घळीतली प्रत्येक जुनी वाहिनी उखडून काढा असे म्हणणे सोपे आहे, पण ते शहाणपणाचे नाही. उखडण्यासाठीही घळ खोदावीच लागते. आधी नळाच्या आत कॅमेरा सोडून त्याची प्रत्यक्ष अवस्था पाहिली पाहिजे. नळ गळत असला तरी कोसळलेला नसेल आणि त्याचा व्यास पुरेसा असेल, तर न खोदता दुरुस्ती करता येते. राळेत भिजवलेली लवचीक नळी जुन्या नळात सरकवायची, पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने फुगवायची आणि उष्णतेने कडक करायची. जुन्या नळात नवा नळ तयार होतो. ही पद्धत लंडनमध्ये १९७१ साली प्रथम वापरली गेली. ती काही कालपरवाची प्रयोगशाळेतली करामत नव्हे. तिचे काम चेंबरच्या तोंडातून होते आणि घळीचा काठ जागेवर राहतो.

नळ कोसळलेला असेल, त्याचा उतार बिघडलेला असेल किंवा वाढलेल्या वस्तीला तो अपुरा पडत असेल, तर मात्र अस्तर लावून भागणार नाही. अशा वेळी नवी वाहिनी पूररेषेच्या बाहेर, रस्त्याच्या कडेने न्यावी, जेथे यंत्र पोहोचू शकते. तेथे पंप लागेल, वीज लागेल, चढाव लागेल, दुकानदारांची ओरड होईल. तो खर्च उघडपणे मान्य करून अंदाजपत्रकात मांडावा. त्यासमोर दुसऱ्या रकान्यात घळीतल्या वाहिनीचा खरा खर्चही मांडावा: ढासळलेले काठ, दूषित विहिरी, पुरात शिरलेला मैला, पुन्हा पुन्हा होणारी दुरुस्ती आणि कामगारांचे प्राण. हे दोन रकाने शेजारीशेजारी ठेवले तर स्वस्त मार्ग नेहमीच स्वस्त ठरेल असे नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: पैसा नाही. ते खोटे नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ साली बहुतांशी रद्द झाला, २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि महानगरपालिका राज्य सरकारच्या अनुदानाच्या तोंडाकडे पाहू लागल्या. अनुदान येते ते नव्या कामाला; जुने नळ तपासायला, दुरुस्त करायला, कायम कामगार नेमायला ते येत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत अभियानात जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे आली आणि भुयारी गटारांची कामे निघाली, ही गोष्ट स्वागतार्हच होती. उघडी गटारे ही काही गौरवाची वस्तू नव्हती. पण मलवाहिनीची आखणी साधारण तीस वर्षांची गरज धरून करतात. आज नवा म्हणून पुरला जाणारा प्रत्येक नळ उद्याचा जुना नळ आहे. तो आज कोठून नेला जातो यावरच तीस वर्षांनी घळ खोदावी लागेल की नाही हे ठरणार आहे. ज्या शहरांची भुयारी गटारे नुकतीच होत आहेत त्यांना पुण्याची चूक टाळण्याची संधी आहे, आणि ही संधी पुन्हा लवकर येणार नाही.

कायद्यावर विसंबून राहता येणार नाही. पर्यावरण मंजुरीची जी अधिसूचना २००६ साली निघाली तिच्या यादीत शहराची मलवाहिनी नाही. नदीकाठच्या उद्योगांवर बंधन घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ साली रद्दच करण्यात आले. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखल्या जातात, आणि बांधकामांना परवानगी देताना त्यांवर वाद सुरू होतात. म्हणजे घळीचा वकील कायद्यात नाही; तो लोकांनीच झाले पाहिजे.

त्यासाठी साधनही आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत जळगावची वस्ती साडेचार लाखांहून अधिक आणि धुळ्याची पावणेचार लाखांच्या आसपास होती. दोन्ही शहरांत हा हक्क नागरिकांना आहे. तो केवळ कागदावर राहू नये यासाठी चार मागण्या प्रत्येक प्रभागातून झाल्या पाहिजेत. पहिली, ओढ्यानाल्यांतून जाणाऱ्या सर्व वाहिन्यांचा नकाशा आणि त्यांच्या तपासणीचा अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. दुसरी, निविदा काढण्यापूर्वी दोन्ही मार्गांचा पूर्ण खर्च सभेपुढे मांडला जावा, आणि त्या सभेला ओढ्याकाठच्या वस्तीतील लोकांना आणि खालच्या गावांच्या ग्रामपंचायतींना बोलावले जावे. तिसरी, ज्या चेंबरपर्यंत यंत्र जाऊ शकत नाही असे चेंबर नव्या कामात एकही नसावे, आणि सफाई कामगार कंत्राटी नव्हे, कायम असावेत. चौथी, ओढा मोकळा करण्यासाठी कोणाला हलवावे लागलेच, तर आधी घर आणि मग स्थलांतर; आणि तेही पावसाळ्यात नव्हे.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. कोणत्याही सुबुद्ध नगरपालिकेने न मागता करावे असे हे काम आहे. परंतु ते न मागता होत नाही, हा आजवरचा अनुभव आहे. पावसाळा संपला की नव्या कामांच्या निविदा निघू लागतात. त्या निघण्यापूर्वी प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्यांनी आपल्या ओढ्याच्या काठाने एकदा चालत जावे, पात्रातली चेंबर मोजावीत, काठच्या विहिरींची चौकशी करावी, आणि ती यादी घेऊन सभागृहात जावे. नळ एकदा पुरला गेला की पुढची तीस वर्षे बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही.